परत कधी यायचं, हे निघण्याआधी बोला



“दोनच वर्षं राहील, चार पैसे गाठीला बांधील आणि परत येईल.” आपल्या नगर जिल्ह्याला हे वाक्य काही नवं नाही. पारनेर-अकोल्याकडच्या कितीतरी घरांतली पुरुषमाणसं मुंबईला गेली ती हेच सांगून गेली. मागे राहिलेल्या बायकांनी सासू-सासरे सांभाळले, गुरंवासरं पाहिली, पोरं शिकवली आणि मनीऑर्डरीची वाट पाहिली. दोन वर्षांची पाच झाली, पाचाची वीस झाली. उलट पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीला जाणारी जोडपी पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती कारखान्याच्या वाटेला लागतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की गावी परततात. कष्ट अपार, पण कधी जायचं आणि कधी यायचं हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

म्हणजे घर सोडण्याच्या या दोन तऱ्हा झाल्या. एकीत परतीचा दिवस ठरलेला असतो. दुसरीत तो कुणी बोलूनच दाखवलेला नसतो. आज संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता आणि खुद्द नगर शहर (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, पण आपल्या तोंडी अजून नगरच!) इथून मुलं, मुली, नवरे, जावई मुंबईच्याही पलीकडे निघतात. कुणी दुबईला, कुणी जर्मनीला, कुणी इंग्लंड-कॅनडाला. ही काही दोन-चार घरांची गोष्ट राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२३-२४ साली परदेशांतून भारतात जो पैसा आला, त्यातला सर्वांत मोठा वाटा, म्हणजे २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला. केरळसुद्धा १९.७ टक्क्यांवर, म्हणजे आपल्या मागे होतं.

पगार किती, एजंट किती घेणार, कर्ज कुठून काढायचं, यावर घरात रात्र-रात्र खल होतो. पण “तिथेच राहायचं आहे की परत यायचं आहे?” हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारलाच, तर तो घरच्या बाईला सर्वांत शेवटी. खरं तर या प्रश्नाच्या उत्तराची किंमत सर्वांत जास्त तीच मोजते. गेली तर आपली नोकरी, आपली माणसं सोडून जाते, आणि राहिली तर एकटीने संसार ओढते. म्हणून आजचं हे पान तिच्यासाठी.

देशाचा स्वभाव ओळखा

मुलीला स्थळ पाहताना आपण घराण्याचा स्वभाव पाहतो की नाही? तसाच देशाचाही पाहावा. काही देश माणसाला कामापुरतं बोलावतात आणि काम संपलं की निरोप देतात. काही देश भाषा शिकली, परीक्षा दिली तर राहू देतात. काहींचे नियम तर दर वर्षी बदलतात.

पहिल्या प्रकारात येतात आखाती देश: संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, बहरीन. तिथे राहण्याचा परवाना नोकरीला जोडलेला असतो. अमिरातीने २०१९ पासून काही निवडक लोकांना दीर्घ मुदतीचा ‘गोल्डन व्हिसा’ द्यायला सुरुवात केली, पण आपल्याकडून जाणाऱ्या फिटरला, वेल्डरला, ड्रायव्हरला तो लागू पडत नाही. तेव्हा आखातात ‘स्थायिक’ होण्याचा बेत करू नये. तिथे जायचं ते ऊसतोडणीच्या हंगामासारखं, हंगाम जरा लांब एवढंच. किती वर्षं, किती शिल्लक आणि परतल्यावर काय करायचं, हे तिन्ही जाण्याआधीच ठरवावं. १९९० साली इराकने कुवेतवर कब्जा केला तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. त्यातल्या पुष्कळांच्या नोकऱ्या आदल्या महिन्यापर्यंत अगदी पक्क्या होत्या.

बायको-मुलांना तिकडे नेण्याचं म्हणाल, तर अमिरातीत त्यासाठी पगाराची अट आहे. महिना ४००० दिरहम, किंवा ३००० दिरहम आणि वर राहायला जागा. “पुढच्या वर्षी तुलाही नेतो,” असं कुणी म्हणालं तर करारपत्रातला आकडा पाहा. आकडा त्याच्या खाली असेल, तर आश्वासन कितीही प्रेमाचं असलं तरी ते पुरं होणं अवघड.

करारपत्रात आणखी एक गोष्ट बघा. मूळ पगार किती आणि भत्ते किती? अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर धरतात. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. मूळ पगार कमी आणि भत्तेच जास्त दाखवले असतील, तर परतताना हाती येणारी रक्कम तेवढीच बारीक होते.

जर्मनीचं दार भाषेने उघडतं

दुसऱ्या प्रकारात जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचं ठरवलं, तेव्हापासून आपल्याकडे घरोघरी जर्मनीचं नाव निघू लागलं. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, गवंडी, स्वयंपाकी, ड्रायव्हर असे कितीतरी व्यवसाय त्या यादीत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. कारण उघड आहे. तिथे म्हातारी माणसं वाढली आणि हात कमी पडू लागले.

पण भगिनींनो, नाव नोंदवणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे, आणि करार झाला म्हणजे विमान सुटलं असं नव्हे. मध्ये दोन उंबरठे आहेत. पहिला भाषेचा. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा पायऱ्या असतात. परिचारिकेला साधारणपणे बी-२पर्यंत जावं लागतं, कारण रुग्णाचं दुखणं त्याच्या भाषेत समजायला हवं. शून्यापासून तिथवर पोचायला रोज नेटाने अभ्यास केला तरी वर्षभर धरून चला. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात हे वर्ग आणि परीक्षा होतात. दुसरा उंबरठा पदवीच्या मान्यतेचा. आपल्याकडची नर्सिंगची पदवी तिकडे आपोआप चालत नाही. ती तपासून घ्यावी लागते, राहिलेला भाग पुरा करावा लागतो किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करायचं. दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरला पुन्हा मदतनीस व्हायचं म्हणजे मनाला लागतं. हे आधी माहीत असलं तर निदान तिकडे जाऊन रडू येत नाही.

हे उंबरठे ओलांडले की मात्र जर्मनी राहू देते. कुशल कामगाराला तीन वर्षांनंतर, पुरेशी भाषा येत असेल आणि विम्याचे हप्ते भरलेले असतील, तर कायम राहण्याचा परवाना मागता येतो. पदवीधरांच्या ‘ब्लू कार्ड’वर तो २७ महिन्यांत, आणि भाषा बी-१पर्यंत आली असेल तर २१ महिन्यांत. शिवाय अशा कामगाराची बायको किंवा नवरा तिकडे गेला तर त्यालाही पहिल्या दिवसापासून काम करता येतं. हा मोठाच फायदा. बहुतेकांना त्यासाठी ए-१ची परीक्षा आधी द्यावी लागते, काही परवान्यांना सूट आहे. पण माझं म्हणणं, सूट असली तरी भाषा शिकाच. नवरा कामावर गेल्यावर दळण, दवाखाना, मुलांची शाळा सगळं तुम्हालाच पाहायचं आहे, आणि तिकडची शेजारीण काही आपल्यासाठी मराठी शिकणार नाही.

नियम बदलणारे देश

तिसरा प्रकार इंग्लंड, कॅनडा, अमेरिका यांचा. इंग्रजी येतं म्हणून हे देश आपल्याला जवळचे वाटतात. पण इथे आज जे चालतं ते परवा चालेलच असं नाही.

इंग्लंडचंच उदाहरण घ्या. वृद्धांची, आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी त्यांनी २०२२ मध्ये व्हिसा खुला केला. हजारो लोक गेले. ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना बायको-मुलं नेण्याची बंदी झाली. आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून नवी भरतीच थांबवली. सव्वातीन-साडेतीन वर्षांत दार उघडलं, अर्धं लोटलं आणि बंद झालं! शिकायला जाणाऱ्यांचंही तसंच. जानेवारी २०२४ पासून, संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर, विद्यार्थ्याला बायको-मुलं नेता येत नाहीत. शिक्षणानंतर नोकरी शोधायला पदवीधरांना दोन वर्षं मिळायची. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार. कायम राहण्यासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल, असा प्रस्तावही तिथल्या सरकारने २०२५ मध्ये मांडला.

कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घातली. पूर्वी विद्यार्थ्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला कामाचा परवाना सहज मिळे. “मी शिकते, तू कमव,” असा बेत करून कितीतरी जोडपी गेली. २१ जानेवारी २०२५ पासून हा परवाना १६ महिने किंवा त्याहून मोठ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, डॉक्टरेटच्या आणि मोजक्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारालाच मिळतो. जुन्या माहितीवर बेत केला असेल तर तो विमानतळावरच कोसळतो.

अमेरिकेत नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायकोला एच-४ मिळतो. त्यावर तिला काम करता येत नाही. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला, तरच २०१५ पासून तिला कामाचा परवाना मागता येतो. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेचं काय सांगावं! कोणत्याही एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा तिथला कायदा. आपली संख्या मोठी, म्हणून आपली रांगही वर्षानुवर्षांची. लग्न ठरवताना “मुलगा अमेरिकेत आहे” एवढ्यावर हुरळून जाणाऱ्या आयांनी एक प्रश्न जरूर विचारावा: “आमच्या मुलीला तिकडे नोकरी करता येईल का, आणि कधी?” मुलगी बी.एड., एम.एस्सी., इंजिनिअर झालेली असते. तिची पाच-सहा वर्षं घरात बसून गेली तर ती कोण भरून देणार?

युरोला रुपयाने गुणू नका

पगाराचा आकडा आला की आपण आधी त्याला रुपयाने गुणतो आणि डोळे विस्फारतो. ही सवय मोडा. ज्या देशात कमवायचं त्याच देशाच्या पैशात खर्च मांडा, जसा आपण वाण्याचा आणि दुधाचा हिशेब महिन्याच्या वहीत मांडतो तसा.

नमुन्याला जर्मनीचा हिशेब करू. तिथलं किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. (नर्सिंगमधल्या मदतनिसाला याहून जास्त दर आहे, आपण सर्वांत खालचा धरू.) महिन्याचे १६० तास धरले तर २२२४ युरो झाले. त्यातून कर, आरोग्यविमा, पेन्शन वगैरे कापून एकट्या माणसाच्या हाती साधारण १६०० युरो येतील. आता खोलीचं भाडं ६००, जेवणखाण २५०, बस-रेल्वेचा पास, फोन, वीज मिळून १५० आणि कपडेलत्ते, औषधपाणी, किरकोळ १५० असे धरू. उरले साडेचारशे. शहर मोठं असेल तर भाडं यापेक्षाही जास्त.

आता इकडचं बघा. समजा, जाण्यासाठी दहा लाखांचं कर्ज काढलं, व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षं. महिन्याचा हप्ता १७ हजारांच्या वर जातो. युरोला शंभर रुपये धरले तर १७० युरो हप्त्यातच गेले. उरले २८०. त्यात वर्षा-दोन वर्षांनी घरी येण्याचं तिकीट, आई-वडिलांना पाठवायचे पैसे आणि अडीअडचणीची शिल्लक बसवा. जमतं, नाही असं नाही. पण पहिल्या वर्षी बंगला बांधून होत नाही, हे कळतं. आणि “दोन वर्षांत परत येईन” म्हणणाऱ्याचं कर्जच सात वर्षांचं असेल, तर तो दोन वर्षांत परतणार कसा, हेही याच हिशेबात दिसतं. घरच्यांना खोटं सांगावं असं त्याच्या मनात नसतं, पण हप्ता त्याला परतू देत नाही.

म्हणून कर्जाची मुदत आणि परतीची मुदत शेजारी शेजारी लिहा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका साधारणपणे तारण मागतात. राहतं घर तारण ठेवायचं असेल तर सही करण्याआधी वाचा, समजून घ्या, आणि न समजलं तर “मला समजलं नाही” असं बँकेत मोठ्याने म्हणा. त्यात कमीपणा नाही. पहिल्या सहा महिन्यांत नोकरी लागली नाही तर हप्ता कोण भरणार, याचंही नाव त्याच कागदावर लिहून ठेवा.

एजंटाकडे जाताना

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असं असतं. अशांना आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, घ्यावी लागते. १९८३ च्या कायद्याने ही व्यवस्था केली. ती कटकट वाटते, पण ती आपल्याच रक्षणासाठी आहे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत नोकरीसाठी ही परवानगी मिळत नाही. “वय वाढवून दाखवू” असं कुणी म्हणालं तर त्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका.

नोंदणी केलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर असते. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून तो ताडून घ्या. एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, पावतीसह. दोन लाख, तीन लाख, तेही रोख आणि पावतीशिवाय, असं कुणी मागत असेल तर समजून जा. नोकरीसाठी ‘व्हिजिट व्हिसा’वर मुळीच जाऊ देऊ नका. तो पाहुण्याचा व्हिसा आहे. त्यावर काम करताना पकडलं तर मालक हात झटकतो आणि आपला माणूस गुन्हेगार ठरतो.

ईसीआर पासपोर्टवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचं संरक्षण. ही पॉलिसी बहुतेक घरांत पासपोर्टाबरोबर परदेशीच जाते! तिची प्रत घरच्या पेटीत हवी. परराष्ट्र मंत्रालयाचा मदतीचा विनामूल्य फोन १८००-११-३०९० हाही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तुम्ही जाणार असाल तर

आपल्या बायकांची एक अडचण पुरुषांना कधी येत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पदवीवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. कुठे ‘सुनीता’, कुठे ‘सुनिता’. परदेशातल्या कचेरीला आपल्या चालीरीती ठाऊक नसतात. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका! तेव्हा निघायचं ठरलं की पहिलं काम नावांचं. लग्नाची रीतसर नोंदणी करून दाखला घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टाप्रमाणे एक करा.

दुसरं, स्वतःचे कागद स्वतःजवळ ठेवा. गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, नर्सिंगची किंवा शिक्षिकेची नोंदणी. “तिला कुठे नोकरी करायचीय” म्हणून हे कागद माहेरच्या ट्रंकेत राहतात आणि तीन वर्षांनी लागतात तेव्हा सापडत नाहीत. व्हिसा कोणता, त्यावर तुम्हाला काम करता येतं का, नवऱ्याची नोकरी गेली तर तुमच्या राहण्याचं काय, या तीन प्रश्नांची उत्तरं निघण्याआधी मागा. तुमचा पासपोर्ट तुमच्याच पर्समध्ये असावा. आणि घरात काही भलतंच घडलं, तर राष्ट्रीय महिला आयोगात परदेशस्थ भारतीयांच्या विवाहांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, एवढं लक्षात असू द्या. उपयोग करायची वेळ कुणावर न येवो.

तुम्ही मागे राहणार असाल तर

नवरा जाण्याआधी बँकेचं काम पुरं करून घ्या. परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाचं इथलं साधं बचत खातं ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला ‘एनआरई’ खातं उघडतात. त्यावरच्या व्याजाला इथे प्राप्तिकर नाही. यातलं कोणतं खातं तुम्हाला चालवता येईल, हे बँकेत विचारून लेखी करून घ्या. नाहीतर पैसा येतो, पण सिलिंडर आणायला सासऱ्यांच्या सहीची वाट पाहावी लागते. वारस म्हणून तुमचं नाव प्रत्येक खात्यावर आणि विम्यावर आहे ना, तेही पाहा. करारपत्र, व्हिसा, पासपोर्ट यांच्या प्रती आणि मालकाचा पत्ता तुमच्याजवळ हवा.

शेतीचंही ध्यानात घ्या. परदेशी राहणाऱ्याची स्वतःची किंवा वडिलोपार्जित जमीन त्याचीच राहते, पण तिकडे असताना त्याला इथे नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. “परत येऊन राहुरीकडे चार एकर घेऊ” हा बेत असेल तर ती खरेदी परतल्यावरच करता येईल. पैसे पाठवून त्याच्या नावावर आत्ताच घेऊ म्हणाल, तर कायदा आडवा येतो. आणि परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं सुटतं, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, राहता येतं. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मुखत्यारपत्र कुणाच्या नावे करणार, म्हाताऱ्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात कोण नेणार, हेही याच बैठकीत ठरवा. ही जबाबदारी सुनेवर येणारच असते. मग तिला आधी विचारायला काय हरकत आहे?

एक कागद, पाच ओळी

जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवा आणि एका कागदावर पाच ओळी लिहून घ्या. एक, तिथे राहायचं आहे की परत यायचं आहे. दोन, परत यायचं असेल तर कोणत्या साली आणि किती शिल्लक झाल्यावर. तीन, राहायचं असेल तर बायको-मुलं कधी जाणार आणि तिला तिथे काम करता येईल का. चार, नियम बदलले किंवा नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार. पाच, इथल्या म्हाताऱ्यांचं कोण बघणार. खाली तारीख घाला, आणि दर वर्षी दिवाळीला तो कागद काढून पुन्हा वाचा.

बेत बदलेल. माणसं तिकडे गेली की त्यांची मनं बदलतात, मुलं तिकडच्या शाळेत रमतात. बदलू द्या. दोन वर्षांची वीस झाली तर ती एकमेकांना विचारून झालेली असावीत, एवढंच. पारनेरच्या कितीतरी आज्यांना हे विचारायची सोय नव्हती. मनीऑर्डरीच्या तळाशी चार ओळींपलीकडे काही लिहिता येत नसे. तुमच्या हातात फोन आहे, कागद आहे, शिक्षण आहे. तेव्हा बॅग भरायला घेण्याआधी हे बोलणं उरकून घ्या. चिवड्या-लाडवांचे डबे काय, आदल्या रात्रीही भरता येतात.